सद्भाव

हरिपूरचं पेव उघडलं
तर तळाची हळद काळी.

आवटी शेठ शपथेवर म्हणाले, ठाऊक नव्हतं.
खरंच नव्हतं.
वाकून बघितलंच नव्हतं त्यांनी.

वकिलांनी कलम वाचलं :
प्रामाणिकपणे केलं ते सद्भावानं केलं,
मग त्यात हयगय असो वा नसो.
मी टाइप केलं, स्वल्पविरामासकट.

मग पिंजऱ्यात तोलार नदाफ.
"पोती भरताना वास आला होता?"
"…आलता, साहेब."
"मग बोलला का नाहीस?"
"कुणी इचारलंच न्हाई."

सांगलीच्या कोर्टात पंखा तेवढा कुरकुरला.

'आलता'च्या आधी तो थांबला होता,
एक पोतं तोलून व्हावं इतका.
ते थांबणं कागदावर नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं.