सकाळी सातचा नमुना

वूच म्हणजे होडी.
होडी नावाच्या या शहरात नदी दिसत नाही कुठे.
गिरण्यांच्या काळातच नद्या विटांच्या भुयारांत घातल्या,
वरून ट्राम धावल्या.
पाणी भेटतं ते थेट शहराच्या टोकाला,
बाबांच्या जाळीपाशी.

जाळीवर काय काय येतं:
कापसाचे बोळे, एकदा कवळी,
एकदा बुद्धिबळातला काळा घोडा.
बाबांनी तो उकळून खिडकीत ठेवलाय.
छत्तीस वर्षं झाली, आता वास येत नाही म्हणतात.
आई म्हणायची, तुला नाही येत, काझिक,
ट्राममधल्यांना येतो.

शाळेला सुट्टी लागली की मी टाकीवर.
तपकिरी पाणी, तळातून उसळणारे बुडबुडे.
एक थेंब काचेवर घेऊन बाबा म्हणायचे,
बघ, पाळी सुरू झाली.
देठावर डुलणाऱ्या घंटा,
केसांचं चक्र फिरवून घास ओढणारे,
आणि क्वचित आठ पायांचं जलअस्वल,
निवृत्त मुकादमासारखं, सावकाश.
यांना खायला घालायचं, श्वास द्यायचा,
आणि फार माजले की गाळ उपसायचा.
वाढू द्यायचं, पण मोजून.
पुढे विद्यापीठात ट्यूमरवरच्या पहिल्या तासाला
वहीत मी हेच वाक्य लिहिलं,
फळ्यावर ते नसताना.

आईच्या सतराव्या गुणसूत्रात एक अक्षर जास्त निघालं.
एक सी.
अठरा वर्षं मागावर काढलेली बाई ती,
चष्मा कपाळावर सारून अहवाल वाचला,
म्हणाली, एका जादा धाग्यापायी अख्खं ठाण बाद?
मी म्हटलं, तिथून पुढची सगळी वीण सरकते, आई.
हं, म्हणाली. मग कुणीतरी माग थांबवायला हवा होता.
थांबवणाराच तर बिघडला होता.
ते मी तिला सांगितलं नाही.

औषध शिरेतून आत जातं,
थोडं अंगात मुरतं, उरलेलं लघवीतून निघतं.
फ्लश. भुयार. जाळी. टाकी.
बाबांचे कामगार त्याला तोंड लावत नाहीत,
ते जसंच्या तसं नेर नदीकडे निघतं.
हल्ली मी तेच मोजते:
रोज सकाळी सातचा नमुना,
लिटरमागे किती नॅनोग्रॅम.
बाहेर पडणाऱ्या पाण्यात शिंपले ठेवते,
आठवड्याने त्यांच्या पेशी काचेवर घेऊन
रंग चढवून अंधारात बघते.
धड असतात त्या गोल, पौर्णिमेच्या.
आतून तुटलेल्यांना शेपूट फुटतं.
काल शंभरात अकरा शेंडेनक्षत्रं,
साध्या पाण्यात चार.
शेंडेनक्षत्र दिसलं की राजा मरतो म्हणत पूर्वी.
मला फक्त तक्ता भरायचा असतो.

मार्चमध्ये आईने उपचार थांबवले. तिचं तिनेच.
त्या आठवड्याच्या आलेखात मी खाच शोधली.
साडेसहा लाखांच्या शहरात
एक बाई आलेखात दिसत नसते,
हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते.
तरी शोधली. दोनदा.
मग अक्ष बदलून तिसऱ्यांदा.
रेघ सरळ.
वॉर्डात कुणीतरी नवीन आलं असणार,
तिच्याच पलंगावर.

मंगळवारी माझा अहवाल आला. तोच सी.
बाबांना कठड्यापाशी सांगितलं.
पंप सुरू होता, म्हणून पुन्हा सांगावं लागलं, ओरडून.
ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, तीन नंबरला हवा कमी पडतेय,
फेस बघ कसा झालाय,
आणि व्हॉल्व्ह फिरवायला गेले.
जरा जास्तच वेळ लागला त्या व्हॉल्व्हला.

परतले तेव्हा हातात दोन बरण्या होत्या,
झाकणं अजून ओली.
सात वाजत आले होते.