नो रिप्लाय

एकवीस सेंटीमीटर म्हणजे माझी वीत,
अंगठा आणि करंगळी दुखेपर्यंत ताणली तर.
हायड्रोजन याच लांबीत बोलतो, सगळीकडे,
आणि तिकडे कोणी मोजणारं असेल
तर त्यालाही हे ठाऊक असणार,
हाक मारायची तर इथूनच कुठूनतरी मारेल
असा एक अंदाज आहे. माझा नाही, शहाण्या माणसांचा.
मी नुसती ऐकते. ऐकण्याचाच पगार घेतला
बत्तीस वर्षं, रावपुऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजात.

कानाला हेडसेट, समोर भोकांची भिंत, हातात दोर.
मुंबई द्या, भूज द्या,
बेन, जल्दी करजो, बापूजी सिरियस छे.
अर्जंटला दुप्पट, लाइटनिंगला आठपट.
व्याधाला लावायचा म्हटलं
तर आठ वर्षं सात महिने नुसतं हॅलो पोचायला
आणि तेवढेच, कोण बोलतंय, हे परत यायला.
मी एकोणसत्तर वर्षांची आहे.
हा एवढा कॉल अजून बसतो माझ्यात.
कृत्तिकांचा नाही.

डिश भंगारातली, मंगळबाजाराच्या मागून, दीडशेला.
तिच्यावर कुठल्या चॅनेलचं अर्धं नाव आहे अजून.
मधोमध तुपाचा गोल डबा, पाच किलोचा,
घासघासून धुतला तरी ऊन तापलं की वास येतो.
आकाशगंगा डोक्यावर आली
की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो,
पांघरुणाखाली झोपलेल्या पोरानं
गुडघा वर घेतल्यासारखा.

शशिकला म्हणते, ताई, असलंच कोणी तिकडे
तर ते तुझ्याशी कशाला बोलेल?
खरंच आहे.
एक्स्चेंजात तरी माझ्याशी कोण बोलत होतं.
सगळे माझ्यातून बोलत होते.

नोव्हेंबरात एकदा रेघेतून काटा उभा राहिला.
अरुंद, टोकदार. निसर्गाला
इतकं बारीक लिहिता येत नाही म्हणतात.
रात्रीचे दोन वाजून सात.
मी कुणाला उठवलं नाही. उभीच राहिले.
चार रात्री, तीच वेळ.
पाचव्या दिवशी कळलं, पलीकडे पारेखांकडे बाळ आलंय,
दोनच्या सुमाराला ते लोक
बाटली गरम करायचं यंत्र लावतात.
वहीत लिहिलं: पारेख यांचेकडे. मुलगी.
वजन विचारायचं राहिलं.

तिकिटावर आमचे दोन शेरे असायचे.
एक, असा नंबरच नाही.
दुसरा, घंटी वाजते, कोणी उचलत नाही.
नवीन पोरी दोन्हींची गल्लत करायच्या
आणि सुपरवायझर घोरपडेबाई त्यांना सगळ्यांदेखत झापायच्या:
उचलत नाही म्हणजे घर रिकामं, असं कुणी सांगितलं?
न्हाणीत असतील. ऐकू कमी येत असेल.
भांडण चालू असेल आणि कुणालाच उठायचं नसेल.
माझ्या वहीत अकराशेचार रात्री आहेत.
प्रत्येकीसमोर दुसरा शेरा.

काल उत्तरायण. सगळ्या अगाश्या भरलेल्या,
लपेट, लपेट, आणि भोंगे, आणि उंधियूचा वास.
सूर्य खाली गेल्यावर तुक्कल चढले,
दोऱ्यावर कंदिलांची रांग, हळू हळू,
आणि खालून कुणीतरी ओरडलं,
दिघेमासी, जुओ, तमारा महेमान आव्या!
हसले मीसुद्धा.

आज सकाळी डिशला मांजा गुंडाळलेला, गुलाबी,
केबल कापली गेलेली, डबा वाकडा.
पारेखांचा थोरला, मौलिक, दहा वर्षांचा,
चढला गुपचूप. कदाचित मांजा त्याचाच असावा.
बोटाला पट्टी आधीच होती.
सोडवता सोडवता विचारलं, मासी, हे केवढ्याचं ऐकता?
मी वीत पसरून दाखवली.
त्यानं आपली पसरली, माझ्या फुटपट्टीवर ठेवली,
ओठ दाबून, बोट पांढरं होईपर्यंत ताणली.

सोळा.
पट्टी काढून पुन्हा मोजायची होती त्याला.
म्हटलं, राहू दे, दुखेल.
तू तो डबा धर सरळ.