कारण : इतर

डिचोलीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिन्याला लागून माझं टेबल.
पदनाम : डेटा एन्ट्री ऑपरेटर.
अकरा महिने संपले की एक दिवस मी कुणीच नसते,
दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने रुजू.

डाव्या पडद्यावर पोर्तुगीज वह्यांची स्कॅन केलेली पानं,
उजव्या पडद्यावर रकाने;
लाल तारा असलेला रिकामा सोडायचा नाही.
शाई तपकिरी, कागदाला वाळवीची भोकं,
भोकातून मागच्या पानावरचं
कुणाचं तरी कुळागर दिसतं.

पहिले सहा महिने आव्हेलीनो सर होते शेजारी,
निवृत्तीनंतर मानधनावर बोलावलेले.
माऊस धरायचे पकडलेल्या कुर्लीसारखा,
वही मात्र चष्मा कपाळावर सरकवून, लांबूनच वाचायचे.
म्हणाले, बाये, गावाच्या नावातला शेवटचा म म्हणायचा नसतो,
नाकात सोडून द्यायचा.
आणि एक्स दिसला की श.
बाकी सगळं त्या कारकुनाच्या तब्येतीवर :
बघ, जेवून आल्यावर हात कसा ढिला पडलाय त्याचा.
मी त्यांना कंट्रोल-झेड शिकवलं.
बराच वेळ हसले.
हे इतकी वर्षं कुठं होतं, म्हणाले.

मार्चमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं.
पणजीहून दोन मुलगे, एका दिवसाचं प्रशिक्षण,
समोसे, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो.
आता वाचणार यंत्र.
मी फक्त ‘मान्य’ दाबायचं.
वेग आहे त्याला, खोटं कशाला बोलू;
माझ्या दिवसाला साठ नोंदी,
त्याच्या चहा येईपर्यंत चारशे.
पण डिचोलीला ते बिचोलिम म्हणतं,
साखळीला सांक्वेलिम,
आणि मान्य, मान्य, मान्य करताना
बोट डोळ्यांच्या पुढे जातं.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी पिळगावहून फटी च्यारी आला.
सुतार. कानावरची पेन्सिल काढायची राहिलेली.
लेकीनं मोबाइलवर काढून दिलेला उतारा :
फणसाची पट्टी, पाचशे दहा चौरस मीटर,
कब्जेदार झेनकोरा च्यारी.
हा कोण, त्यानं विचारलं.
रागानं नाही. नवा पाहुणा सापडल्यासारखं.

मी वही उघडली, मोठी केली, आणखी मोठी.
एक्स.
दुपारनंतरचा, ढिल्या हाताचा, पण एक्सच.
शंकर. त्याचा आजा.
नोंदीखाली तारीख, वेळ, माझा युजर आयडी.

दुरुस्तीची खिडकी विचारते, बदलाचं कारण निवडा.
टंकलेखनातील चूक. दस्तऐवज अस्पष्ट.
वारसाचा अर्ज. इतर.
टंकलेखन तर मी केलंच नव्हतं.
अस्पष्ट म्हणावं, तर तो मेलेला कारकून उगाच अडकतो.
वारसाचा अर्ज म्हणजे शपथपत्र, स्टॅम्प,
फटीच्या बुडालेल्या तीन रोजी.
इतर.
पन्नास अक्षरांची जागा.
लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं :
यंत्रानं वाचलं, मी बघितलं नाही.

सबमिट.
ओटीपी साहेबांच्या फोनवर,
साहेब मडगावला मीटिंगमध्ये.
आम्ही दोघं थांबलो.
रिकामं बसणं त्याला जमेना.
माझ्या टेबलाचा खण अडकतो, ते त्यानं आल्याआल्याच पाहिलं असणार.
वाकून आत हात घातला,
मेणबत्तीचा तुकडा मागितला,
खाचेतून चार वेळा फिरवला.
किती द्यायचे, मी म्हटलं.
त्यानं पडद्याकडे बोट केलं. तुम्ही किती घेता?
पाचला दहा कमी असताना ओटीपी आला.

काल नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज भरला.
कौशल्ये : टायपिंग, एक्सेल, ईमेल.
तिन्हींवर खूण केली.
खाली ‘आणखी काही असल्यास’ म्हणून एक रकाना,
तारा नसलेला.
कर्सर लुकलुकत राहिला.
मी खण उघडला. सुळकन.
आत आव्हेलीनो सरांचं भिंग, सुटे स्टेपल.
बंद केला.
पुन्हा उघडला.