शेवटच्या फेरीनंतर

आग्नेल म्हणतो, विचार कसला करतोस, खलाशी?
माझा सीझर, तुझी बिमली,
दोघंही पिवळी, दोघंही गुणी.
आठ पिल्लं धर. नाही, सातच धर.
म्हापशाचा दुकानवाला आजच आगाऊ द्यायला तयार आहे.
तुझ्या माडीवर नवे पत्रे चढतील.

मी दोर फेकतो, खुंटाला वेढे देतो,
फळी खाली सोडतो.
रायबंदरची माणसं उतरतात, चोडणची चढतात.
एकवीस वर्षं हेच.
नदीच्या मधोमध विचार करायला
एका विडीएवढा वेळ मिळतो.
विडी सुटली, माप तेवढं राहिलं.

सुलक्षाबाईंनी तिचे मागचे पाय ताणून पाहिले.
डॉक्टरीण बोलते कमी.
वय? तीन असावं.
खुब्याचा एक्स-रे? नाही काढला.
हिच्या आईचे खुबे कसे होते? बापाचे डोळे?
मी नुसता हसलो.
माझ्या बापाचे डोळे कसे होते
ते मला चष्मा लागला तेव्हा कळलं.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
जी हाडं तुम्हाला माहीत नाहीत
तीच तुम्ही सात घरांत वाटणार.

घरी येऊन वही काढली.
पिल्लांची नव्हे,
घेणाऱ्यांची नावं लिहायला बसलो.
पोदेर जुझे: त्याच्या दारात आधीच तीन,
त्यांना तो पाव मोजून टाकतो.
देविका मास्तरीण: तिसरा मजला, भाड्याची जागा,
मालकाला मांजरसुद्धा चालत नाही.
मेव्हणा शाणू लगेच घेतो म्हणाला.
त्याने घेतलेली मोटरसायकल
अजून माझ्या अंगणात गंजते आहे.
मांद्र्याचा शॅकवाला म्हणाला, दे की,
मोसमभर गोरे लोक लाड करतील.
आणि मे संपल्यावर, झावळ्या उतरवल्यावर?
तो म्हणाला, मेनंतर मी तरी कुठे असतो?

वही मिटताना एकच नाव न खोडलेलं होतं.
माझंच.

कुंदा भांडी घासता घासता म्हणाली,
दोन महिने ती पोटात वागवणार.
पुढचे दोन महिने रात्री कोण जागणार,
ते लिहिलंस का?
आणि एखादं आडवं आलं तर?
शेवटची फेरी तूच बांधून येतोस.
मग मये-डिचोलीचा वळसा,
माझ्या मांडीवर तिचं डोकं,
आणि गाडी कोणाची? आग्नेलची?
आग्नेल नऊनंतर फोन उचलत नाही.
तुझ्या आईच्या वेळेला कळलंय आपल्याला.

फेरीवर माणसं काय काय विसरतात.
छत्र्या, नवाकोरा कोयता,
पिकलेला फणस, एकदा तर कवळी.
सगळ्यांसाठी कोणी ना कोणी धापा टाकत परत येतं.
बियरच्या त्या खोक्यासाठी आलं नाही.
आत एकच होती.
बाकीची विकली गेली असतील;
हिचा पुढचा डावा पाय जरा वाकडा.
मी खोका उचलला तशी माझा अंगठा चोखायला लागली,
जणू मीच तिला विसरलो होतो
आणि आता धावत आलो होतो.

तिच्या वेळीही कोणीतरी म्हणालं असेल,
आठ धर. नाही, सातच धर.

बुधवारची वेळ घेतली आहे सुलक्षाबाईंकडे.
उपाशी आणा, म्हणाल्या,
आणि टाके सुकेपर्यंत नदीत उतरू देऊ नका.
आग्नेलला अजून सांगितलेलं नाही.
त्याचा फोन वाजतो तेव्हा नेमकी
मी फळीची साखळी सोडत असतो,
आणि ती साखळी फार आवाज करते.

रात्री बिमली धक्क्यावर येते.
ज्याच्या हातात खोका
त्याच्या मागे चार पावलं जाते, नाक लावते.
टाइल्स. सुके बांगडे.
कोणाच्या तरी पोराचा वाढदिवसाचा केक.
खात्री झाली की माघारी फिरते
आणि मी दोर बांधेपर्यंत
बसून राहते.