अट क्रमांक चौदा

दस्तगीर शिकलगारनं कोर्ट फीचं तिकीट
जिभेवर ओलं करून चिकटवलं.
उजव्या हाताला दोनच बोटं,
सही मात्र वळणदार, वेळ घेऊन.

"प्रयोजन?" कुंभोजकर बाईंनी विचारलं.
"शोभेची दारू."
बाकावरचा एक जण फिस्सकन हसला.

अग्निशमनचा दाखला, पोलिसांची ना हरकत,
प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी:
बाळंतिणी नऊला निजतात, त्याआधी आटपा.
नकाशा त्यानंच काढलेला, निळ्या पेनानं.
कृष्णा, घाट, पाण्याची टाकी,
गर्दी इथं, बंब इथं, मी इथं.
बाईंनी तो उलटा धरला, मग सुलटा.
"आणि वर?"
"वर म्हंजे?"
"वर किती जागा लागते?"
त्याला रकानाच नव्हता.
तो जरा वेळ पंख्याकडं बघत राहिला.

परवानगी मिळाली. आठ ते आठ वीस. सशर्त.

शनिवारी सातपासूनच पायऱ्या भरल्या,
पोरं बापांच्या खांद्यावर, भडंगाच्या पुड्या उघड्या.
पावणेआठला हरिपूरच्या अंगानं वारं सुटलं.
त्यानं ओला रुमाल उंच धरला,
खिशातला कागद बॅटरीच्या उजेडात वाचला,
आणि एकेक नळा ताडपत्रीखाली सरकवला.
कुणी शिट्टी मारली.
कुणी वर्गणीचं काय म्हणून विचारलं.
वारं पडलं
आठ पंचवीसला.

सोमवारी पुन्हा तीच खिडकी.
"नकाशा तोच चालेल न्हवं?"
"तारीख जुनी झाली. नवा काढा."

तो बाकावर टेकला, पेनाचं टोपण दातानं काढलं.
या वेळी कागद
उभा धरला.