संघांस कळविण्यात येते की

येत्या सतरा तारखेला, रविवारी,
सकाळी साडेदहाच्या ठोक्याला
(साडेदहा म्हणजे साडेदहा;
दहा एकतीसला येणाऱ्यांना
मी लांबूनच हात हलवून दाखवेन)
आमची प्रश्नमंजूषा सुरू होईल.
ऑनलाइन.
म्हणजे तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या,
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या वगळता शांततेत.

गुरुवार मुद्दाम टाळला.
गुरुवारी आमच्याकडे वीज जाते,
आणि विजेच्या भरवशावर
मी थर्मोडायनॅमिक्स विचारत नाही.

संघ चौघांचा.
तिघं असाल तरी चालेल,
पाच असाल तर एकाने चहा करावा.
विषय: शाळेत जे शिकवलं,
आणि पोर्शन संपवायच्या घाईत जे राहून गेलं.
पेशींच्या भिंती, पेशव्यांचे जमाखर्च,
आम्ल, अल्कली, अपभ्रंश.

पूर्वी हे सगळं
फिजिक्सच्या उतरत्या हॉलमध्ये व्हायचं.
बझर नव्हता; बाकावर थाप मारायची.
श्रीरंग ढमढेरे नावाचा एक मुलगा
प्रश्न अर्धाही व्हायच्या आत थाप मारायचा
आणि मग उत्तर आठवेपर्यंत
स्वतःच्या हाताकडे असा बघायचा
जणू थाप दुसऱ्याच कुणी मारली.
कधी आठवायचं, बहुधा नाही.
त्याच्या संघाने एकदाही करंडक नेला नाही.
हॉल मात्र त्याच्यासाठी भरायचा.

आता थाप ऐकू येत नाही.
एक चौकोन हिरवा होतो, एवढंच.
भोरच्या मुलींचा जरा उशिराच होतो,
त्यांचं उत्तर घाट चढून येतं.
मागच्या वेळी मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला
आणि मागून आवाज आला, "बेरियम."
बरोबर होतं.
गुण देता आले नाहीत.
रात्रभर तो बेरियम माझ्या उशाशी बसून होता.

म्हणून यंदा नियम क्रमांक सात:
प्रत्येक प्रश्नानंतर मी दहापर्यंत मोजणार.
मनात.
घाई असलेल्यांनी तेवढ्यात पाणी प्यावं.

नियम आठ: शोधू नका.
कॅमेरा चालू ठेवा, हे सांगेनच,
पण कॅमेऱ्याला काय कळतं?
मला कळतं.
शोधून आणलेलं उत्तर इस्त्री केलेलं असतं.
आठवलेल्याला सुरकुत्या असतात,
"ते हो... निळं पुस्तक होतं,
डावीकडचं पान, खाली कोपऱ्यात..."
मला ते पान हवंय.
उत्तर चुकलं तरी कोपऱ्याचा अर्धा गुण देईन.

प्रश्न दोनशे बारा.
निम्मे माझे, निम्मे नाझनीन बागवानचे.
कोंढव्याहून ती रात्री अकराला फोन करते,
"हा फारच सोपा झालाय का गं?"
मला त्याचं उत्तर येत नसतं.
"हो, सोपाच आहे," म्हणते मी,
आणि वहीत लिहून घेते.
हे तिला सांगू नका.

ज्यांना चौथा मिळत नाही त्यांच्यासाठी:
वर्गात एक जण असतो
ज्याला फक्त शेवाळं कळतं.
किंवा फक्त नाणी, किंवा लॉगॅरिदम.
मधल्या सुट्टीत तो सांगायला लागला
की भराभर डबे मिटतात.
त्याला घ्या.
शेवाळावर एक प्रश्न आहे.
कितवा, ते सांगणार नाही.

फी नाही.
बक्षिसं पुस्तकांची, तीही वापरलेली,
समासात कुणाच्या तरी
पेन्सिलीतल्या शंका असलेली.
नावं बारा तारखेपर्यंत कळवा.
संघाला नाव सुचत नसेल तर जागा रिकामी सोडा,
मी ठेवेन; मग तक्रार चालणार नाही.

आणि ढमढेरे,
हे कुणी तुझ्यापर्यंत पोचवलंच,
तर तुझा जुना नंबर लागत नाही.
नियम सात तुला लागू नाही.
मी दोनवर असतानाच
मार थाप.