एक्केचाळीस

टर्नरचा ट्रेड गेल्या वर्षी बंद झाला.
लेथवर ताडपत्री, ताडपत्रीवर कबुतरं.
शेजारी बुटीबोरीच्या कंपनीनं दिलेली खोली:
एसी, सहा खुर्च्या, सहा चष्मे,
आणि अभ्यासक्रम, तोही त्यांचाच.
ठिणगी नाही. वास नाही.
रॉड वितळत नाही, म्हणून संपतही नाही.

बत्तीस वर्षं मी कानानं शिकवलं:
टाका नीट बसला की भजी तळल्यागत आवाज येतो,
बिघडला की थुंकल्यागत.
आज चष्मा घातला. पडद्यावर आलं:
एक्केचाळीस. पुन्हा प्रयत्न करा.

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

कुंदा उईके उठली,
बाप तिचा टेका नाक्याजवळ कूलरचे स्टँड जोडतो.
माझं मनगट धरलं तिनं:
"हळू न्या ना जी सर. याले घाई चालत नाही."

त्रेसष्ट.

सुटी झाल्यावर तीच मागं राहिली.
"इथं मले ब्याण्णव पडतात,
मंग बाबाच्या स्टँडवर
काहून सुटते जी माझा टाका?"

मी ताडपत्री ओढली. कबुतरं उडाली.
लेथमागचं जुनं वेल्डिंग मशीन
दोनदा खोकलं, मग घुमायला लागलं.

"डोळे मीट," म्हटलं.
"ऐक."